चाळीस शब्दांची वही : अलिबाग ते अश्दोद

रविवार, १० ऑगस्ट २०२५

काम काल हातात घेतलं, म्हणून पहिली नोंद आज करते.

शेजारच्या मावशी कोकणातल्या ज्यू, त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांची नात इस्राएलमध्ये अश्दोदला असते. ती गरोदर आहे, सहावा महिना लागलाय, नोव्हेंबरच्या मध्यावर तारीख दिली आहे. नातीला मराठी येत नाही, मावशींना बोलायची हिब्रू येत नाही. आजवर दोघींच्या मधे मावशींचा मुलगा होता. तो इकडचं तिकडे सांगायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. आता दर शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी फोन लागतो, दोघी एकमेकींकडे बघतात, "शब्बाथ शालोम" (शनिवारच्या विसाव्याच्या शुभेच्छा) म्हणतात आणि पुढे काय बोलायचं ते कुणालाच सुचत नाही.

काल मावशी म्हणाल्या, "सिस्टर, तिची पहिलीच वेळ आहे. आई लांब राहते, सासू नाही. तिला काय होतंय ते मला कळायला हवं ना गो?"

मी चौतीस वर्षं बाळंतपणं केली. त्यातला एकेक शब्द मराठीत माझ्या हातात आहे. तो हिब्रूत शोधायचा आणि मावशींपर्यंत पोचवायचा, एवढंच काम. बाळ यायच्या आत शंभर शब्द करायचे : गर्भारपण, बाळंतपण, घराणं, मूळ. सकाळी तासभर माझा अभ्यास, संध्याकाळी अर्धा तास मावशींकडे.

गुरुवार, १४ ऑगस्ट

पंचवीस शब्दांची यादी देवनागरीत लिहून दिली होती. चार दिवसांत सहाच राहिले लक्षात. शब्द सुटे पडलेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, म्हणून टिकत नाहीत.

पण आज एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मावशी हिब्रू अक्षरं घडाघड वाचतात. बावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे, खाली-वर टिंबं आणि रेघा म्हणजे स्वर. लहानपणी वडिलांनी शिकवलेलं. प्रार्थनेच्या पुस्तकात एका पानावर हिब्रू, समोरच्या पानावर मराठी. उच्चार येतो, सगळ्याचा मिळून भाव कळतो, पण यातला कुठला शब्द म्हणजे काय ते कधी कुणी उकलून दाखवलं नाही. म्हणजे मावशींच्या तोंडात शेकडो शब्द सत्तर-पंचाहत्तर वर्षांपासून आहेत. नवीन शिकवायला जाण्याऐवजी तेच उघडून बघायचे.

उच्चारांबद्दलही ठरवलं. मावशी "शब्बाथ" म्हणतात, नात "शबात". मावशी "रहमीम" म्हणतात, नात घशातून "रख़मीम" म्हणते. मी मावशींचा उच्चार सुधारणार नाही. तो त्यांच्या वडिलांच्या तोंडचा आहे. वहीत दोन्ही रकाने राहतील.

मंगळवार, १९ ऑगस्ट

आज गाडी रुळावर आली.

हिब्रूत बहुतेक शब्दांना तीन व्यंजनांचं मूळ असतं, त्याला "शोरेश" म्हणतात. झाडाच्या मुळालाही शोरेशच. त्या तीन अक्षरांत स्वर फिरवले, पुढे-मागे एखादं अक्षर जोडलं की शब्दांचं अख्खं कुटुंब उभं राहतं. जन्माचं मूळ योद-लामेद-दालेत, म्हणजे य-ल-द. येलेद मुलगा, यालदा मुलगी, येलादीम मुलं. लेदा म्हणजे प्रसूती. योम हुलेदेत वाढदिवस (तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, त्यात तो एकदाच येतो, आणि तोही इजिप्तचा राजा फारो याच्या वाढदिवसासाठी). यलीद म्हणजे तिथेच जन्मलेला. मोलाद म्हणजे नव्या चंद्राचा जन्म. तोलदोत म्हणजे वंशावळ, पिढ्या. आजच्या भाषेत इतिहासालाही चालतो. मोलेदेत जन्मभूमी.

मावशींनी "तोलदोत" ऐकताच पुस्तक उघडलं. उत्पत्तीत, म्हणजे तोराच्या पहिल्या पुस्तकात, "एले तोलदोत" पुन्हा पुन्हा येतं, "या अमक्याच्या पिढ्या". आयुष्यभर त्यांनी ते वाचलंय. त्यांनी बोट ठेवून ल आणि द दाखवले आणि विचारलं, "मग य कुठे गेला?" शिक्षिकेचा प्रश्न! उत्तर असं की या मुळाचं पहिलं अक्षर फार पूर्वी व होतं. हिब्रूत शब्दाच्या आरंभी आलेला व बहुतेक ठिकाणी य झाला, पण मधे सापडला तिथे त्याने आपली खूण ओकाराच्या रूपात ठेवली. मोलाद, मोलेदेत, तोलदोत, तिन्हींतला ओ हा त्या जुन्या व-चा.

मला स्वतःला सगळ्यात भावलेली जोडी दुसरीच. योलेदेत म्हणजे बाळंत होणारी, बाळंतीण. मेयालेदेत म्हणजे तिला बाळंत करणारी, सुईण. एकाच मुळाच्या दोन बायका. आपल्याकडे बाळंतीण आणि सुईण या शब्दांचं एकमेकींशी काही नातं नाही. तिथे सुईणीचं नाव बाळंतिणीच्या नावातूनच निघतं. मोझेसच्या गोष्टीत शिफ्रा आणि पुआ या दोन सुईणी आहेत. मुलगे जन्मताच मारा, असा फारोचा हुकूम त्या मोडतात आणि त्याला सांगतात, या बायका एवढ्या दमदार की आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात. कारण देऊन वेळ मारून नेणाऱ्या अशा सुईणी मी पाहिल्या आहेत. त्यांच्यामुळे मुलं जगली आहेत.

रविवार, २४ ऑगस्ट

व-ल-द हे डोक्यातून जात नव्हतं. दुपारी सासऱ्यांची लोखंडी ट्रंक काढली. शेताचे जुने कागद. पिवळ्या पडलेल्या खरेदीखतात साक्षीदारांच्या नावांत "वल्द", म्हणजे अमक्याचा मुलगा. हा तोच व-ल-द, अरबीतून फारसीच्या वाटेनं मराठी दप्तरात आलेला. आपली "औलाद" त्याच घरची, अरबी वलदचं अनेकवचन.

त्याच कागदावर दोन ओळी खाली "बिन". गणू बिन रामा. अरबी बिन आणि हिब्रू बेन सख्खे भाऊ : मुलगा. बेनचं अनेकवचन पुढे नाव जोडताना होतं "बेने". बेने इस्राएल, इस्राएलची मुलं.

कागद तसाच मावशींकडे घेऊन गेले. चष्मा लावून त्यांनी "बिन"वर कितीतरी वेळ बोट फिरवलं. त्यांच्या समाजाला गावानं शनिवार तेली म्हटलं, कारण तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. पण त्यांनी स्वतःला म्हणवून घेतलं ते बेने इस्राएल. आणि त्या नावातला पहिला शब्द माझ्या सासऱ्यांच्या ट्रंकेत होता.

जन्मतारखेचंही असंच निघालं. हिब्रूत "तारीख़ लेदा" म्हणतात. हा तारीख़ अरबीतून हिब्रूत गेला आणि अरबीतूनच आपल्याकडे आला. वहीत त्याच्यापुढे अर्थ लिहावा लागला नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

माझ्या हातून चूक झाली. मी मावशींना "मझल तोव" शिकवलं होतं, अभिनंदन म्हणून. काल फोनवर मावशींनी ते नातीला म्हटलं आणि तिचा चेहरा बदलला. तिने हात पोटावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "बेशाआ तोवा, सावता."

रात्री शोधलं. बाळ हातात येण्याआधी मझल तोव म्हणायची तिथे रीत नाही. गरोदर बाईला म्हणतात बेशाआ तोवा, "चांगल्या घडीला". म्हणजे जे व्हायचंय ते चांगल्या घटकेला होवो. बरीच ज्यू घरं बाळाच्या आधी पाळणा, कपडे घरात आणत नाहीत. हे मला कळायला हवं होतं. आपणही होणाऱ्या बाळाला आधी नवं शिवत नाही, धुवट मऊ जुनेर काढून ठेवतो. जगात कुठेही गरोदर बाईच्या घरात लोक हळू आवाजातच बोलतात.

यादीत आजपासून तिसरा रकाना : कधी म्हणायचं. मावशींना चूक सांगितली. त्या म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी मी आधी तेच म्हणीन." (सावता म्हणजे आजी. हा शब्द त्यांना नातीनेच शिकवलाय, फार पूर्वी.)

सोमवार, २२ सप्टेंबर

आज आमच्याकडे घटस्थापना आणि संध्याकाळपासून मावशींकडे नव्याचा सण, रोश हाशाना. यंदा दोन्ही एकाच दिवशी आले.

सकाळी परडीत माती पसरली, धान्य पेरलं, घट ठेवला. संध्याकाळी मावशींनी चिकाच्या हलव्याची वाटी पाठवली. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायचा, नारळाचं दूध आणि साखर घालून हात भरून येईस्तोवर ढवळायचं. वाटी परत करायला गेले तेव्हा त्या पुस्तक उघडून बसल्या होत्या. या सणाला शिंग फुंकल्यावर म्हणायची ओळ मला दाखवली : "हायोम हरात ओलाम."

हायोम, आज. ओलाम, जग. हरात हा "हारा"पासून, पोट राहणे. याच मुळाचा "हेरायोन" आमच्या यादीत पहिल्या दिवसापासून आहे, गर्भारपण. "बेहेरायोन" म्हणजे गरोदर. "आज जगाचा जन्मदिवस" असं भाषांतर करतात, पण शब्द गर्भ धरण्याचा आहे. आज जगाला दिवस गेले.

मावशी म्हणाल्या, "हे मी दरवर्षी म्हणते. मला वाटायचं देव काहीतरी हरतो."

मी घरी येऊन परडीतल्या मातीवर पाणी शिंपडलं. नऊ दिवस अंधारात काय चाललंय ते बघायचं नसतं, फक्त ओल ठेवायची.

मंगळवार, ३० सप्टेंबर

दोन शब्द, दोन्ही कळांचे.

प्रसूतीच्या कळांना हिब्रूत "त्सीरीम" म्हणतात, एकवचन त्सीर. त्सीर म्हणजे दाराची बिजागरीसुद्धा. बायबलमधल्या नीतिसूत्रांत आळशी माणसाची उपमा आहे, दार त्सीरवर फिरतं तसा तो बिछान्यावर कूस बदलतो. हे वाचलं आणि मी वही ठेवून दिली. कारण मराठीत कळ म्हणजे पोटात येते ती, आणि कळ म्हणजे यंत्राची दाबतो-फिरवतो ती. बाईला कळा सुरू झाल्या. कळ दाबली नि दिवा लागला. कोकणातली सुईण आणि यशया संदेष्ट्याच्या काळातली सुईण, दोघींच्या भाषेत जन्माच्या वेदनेला आणि दार उघडणाऱ्या वस्तूला एकच शब्द. मी शेकडो बायकांना "कळ आली की दाबून धर, सोड, पुन्हा येईल" असं सांगितलंय. शब्दाकडे कधी पाहिलं नव्हतं.

दुसरा "मश्बेर". आजच्या हिब्रूत मश्बेर म्हणजे संकट, पेचप्रसंग. बातम्यांत रोज असतो. मूळ श-ब-र, फुटणे-मोडणे. जुना अर्थ मात्र गर्भाशयाचं तोंड, बाळ बाहेर पडायची जागा. यरुशलेमला वेढा पडलेला असताना राजा हिज्कीया यशयाला निरोप पाठवतो : मुलं मश्बेरपाशी आली आहेत आणि जन्म द्यायला ताकद नाही. आपण याला "बाई अडली" म्हणतो.

एका पावसाळ्यात खाडीपलीकडून रात्री अशी बाई आणली होती. होडीतून, अंगावर इरलं धरून. डोकं दिसत होतं आणि तिच्यातलं सगळं संपलं होतं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन तिच्या आईच्या नावाने हाक मारली तेव्हा तिने शेवटचा जोर केला. दोघी वाचल्या. त्या राजाला स्वतःचं संकट सांगायला हीच उपमा सुचली, याचा अर्थ त्याच्या वाड्यातही कुणीतरी रात्रभर दाराबाहेर उभं राहिलं होतं.

मश्बेर मावशींच्या यादीत घालणार नाही. नातीला फोनवर तो शब्द ऐकवायचा नाही. माझ्या वहीत राहील.

(परवा दसरा, आणि मावशींचा दरफळणीचा सण, योम किप्पूर. त्यांचा उपास. दोन दिवस पाठ नाही.)

शुक्रवार, १० ऑक्टोबर

मांडव्याहून बोटीने मुंबई. डिंक, खारीक, गोडंबी घ्यायला मशीद बंदरला गेले. मावशींच्या ओळखीचं कुटुंब महिनाअखेर अश्दोदला परत चाललंय, त्यांच्याबरोबर बाळंतिणीचे लाडू धाडायचे आहेत.

मशीद स्टेशनाच्या नावातली मशीद म्हणजे जवळचं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, असं मुंबईचे जुने बेने इस्राएल सांगत आले आहेत. ते त्याला जुनी मशीद म्हणायचे. १७९६ साली सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी, यांनी ते बांधलं. मुंबईतलं पहिलं. नाव "शआर हारहमीम", दयेचा दरवाजा. पिशवी खांद्याला लावून समोरच्या फुटपाथवर उभी राहिले आणि नाव पुन्हा मनात वाचलं. शआर, दरवाजा. रहमीम, दया. आणि "रेख़ेम" म्हणजे गर्भाशय. मूळ एकच, र-ख़-म. आपल्या बोलण्यातला "रहम" त्याच मुळाचा.

येताना बोटीत भाषांतर सुधारत बसले. दया हा शब्द मला इथे थंड वाटतो, तो वरून खाली दिला जातो. रहमीम पोटातून येतो. मराठीत त्याला शब्द आहे आणि त्यातही कळ आहेच : कळवळा. यादीत लिहिलं, रेख़ेम : गर्भाशय, रहमीम : कळवळा.

शनिवार, १८ ऑक्टोबर

तोराचं वाचन आज पुन्हा पहिल्या ओळीपासून. पहिला शब्द बेरेशीत, "आरंभी". त्याच्या आत "रोश" आहे, डोकं. रोश हाशाना वर्षाचं डोकं, रोश होदेश महिन्याचं. बाळंतपणातही आरंभ डोक्यानेच होतो, पायाळू असलं तर जीव टांगणीला.

दुसरा शब्द "बारा", निर्माण केलं. हे क्रियापद या अर्थाने तोरा फक्त देवासाठी वापरते. मग माणसाच्या वाट्याला काय? चौथ्या अध्यायात हव्वा पहिल्या मुलाला जन्म देते आणि म्हणते "कानीती", मिळवला, घडवला, देवाच्या सोबतीने. त्यावरून मुलाचं नाव काइन. जगातल्या पहिल्या बाळंतिणीचं हे पहिलं वाक्य. तिने देवाला सोबतीला घेतलंय, कर्तेपण सोडलेलं नाही. मला ते फार योग्य वाटतं.

आदाम हा आदामा म्हणजे मातीपासून. ते मावशींना माहीत होतंच, त्यांनी वर्गात सांगितलेलंही आहे.

अंगणात पणत्या लावून झाल्यावर त्यांच्या ओट्यावर दोन ठेवल्या.

शनिवार, १ नोव्हेंबर

आजच्या वाचनात अब्राहामला हुकूम होतो, लेख़ लेख़ा, नीघ. कुठून? तुझ्या देशातून, "उमिमोलादतेख़ा", तुझ्या मोलेदेतमधून, तुझ्या बापाच्या घरातून.

मावशींनी पुस्तक मिटलं. त्यांचा मुलगा विसाव्या वर्षी इस्राएलला गेला. तिथल्या लोकांच्या लेखी तो मोलेदेतला परतला होता. पण य-ल-द त्याचं अलिबागचं, इस्राएल आळीतलं. "नोलादती बे-अलिबाग", मी अलिबागला जन्मलो. तो फोनवर लोकांना असं सांगायचा, तेवढं वाक्य मावशींना आधीपासून पाठ होतं.

"मूळ"साठी आज दोन शब्द घेतले. "माकोर" म्हणजे उगम, झरा. "मोत्सा" म्हणजे जिथून बाहेर आलो ती जागा, "यात्सा" (बाहेर पडला) यापासून. माणसाचं कूळ, घराणं विचारतात तेव्हा मोत्सा विचारतात.

या शब्दाने मावशींच्या लोकांना एकदा फार दुखवलंय. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने (रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू) आदेश काढला, बेने इस्राएल माणसाचं लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासा. दोन हजार वर्षांपूर्वी नवगावजवळ जहाज फुटून सात जोडपी वाचली, त्यांचे आपण वंशज, एवढंच ज्यांना पणजोबांकडून कळलेलं, त्यांनी कागद कुठून आणायचे? लोकांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं. १९६४ मध्ये लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल हे सर्व बाबतीत ज्यूच आहेत. मावशींचे चुलतभाऊ तेव्हा तिथे होते.

कोकणात यांचा मोत्सा आडनावातच आहे. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर. ज्या गावी घाणा, ते नाव. मावशींनी मोत्सापुढे गावाचं नाव लिहिलं, सहा मुळाक्षरं गिरवल्यासारखं सावकाश.

सोमवार, ३ नोव्हेंबर

मावशींना घेऊन बँकेत, हयातीचा दाखला द्यायला. दरवर्षी नोव्हेंबरात आमची ही फेरी असते. रांगेत बसल्या बसल्या त्यांनी फॉर्मवरचा शब्द मला दाखवला आणि विचारलं, "हा आपल्यातला आहे का?"

आहे. हयात अरबी. हिब्रूत "हाय" जिवंत, "हायीम" आयुष्य. हव्वा हे नाव, हिब्रूत ख़ावा, याच घरचं. आदामने तिला ते नाव दिलं कारण ती "एम कोल हाय", सगळ्या जित्यांची आई. आणि त्या दोन सुईणींनी फारोला सांगितलेला "दमदार" तो मूळ शब्द "हायोत", तोही इथलाच.

अडीच महिन्यांपूर्वी मी त्यांना शब्द दाखवत होते. आज त्या मला दाखवतायत. सही करताना त्या पुटपुटल्या, "अनी हाया." मी जिवंत आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

छाटणी. शंभरपैकी चाळीस ठेवले. नववा भरत आला आहे, आता नवं काही नाही, फक्त उजळणी.

गेले : फारो, वंशशास्त्र, मश्बेर, माकोर, सगळी व्याकरणाची रूपं. राहिले : कळा, पाणी, दूध, झोप, ताप, रडणं, दुखतं का, खाल्लंस का, भिऊ नकोस ("अल तिफहदी"). तीनोक म्हणजे तान्हं बाळ. तो "यानाक"पासून, अंगावर पिणे. तान्ह्याचं नाव त्याच्या पिण्यावरून. बुबा म्हणजे बाहुली आणि मगेवेत म्हणजे टॉवेल, हे दोन्ही हिब्रू पुन्हा बोलती करणाऱ्या एलिएझेर बेन-येहुदा यांनी घडवलेले. १८८२ मध्ये त्यांना मुलगा झाला, त्याच्याशी घरात फक्त हिब्रू बोलायची असा त्यांचा पण, आणि मुलाच्या हातातल्या वस्तूंना जुन्या ग्रंथांत शब्द नव्हते. शेकडो वर्षांनी कुणा बाळाची ती पुन्हा "सफात एम" झाली, आईची भाषा, मायबोली. एका पाळण्यासाठी शब्द करावे लागले होते, हे कळल्यापासून माझी चाळीस शब्दांची वही मला फार महत्त्वाची वाटते.

एका शब्दावरून आमचं वाजलं. "शिल्या", म्हणजे बाळामागून पडणारी वार. मी काढून टाकला. तिथे मोठं इस्पितळ आहे, ते बघतील, तुम्हाला फोनवर तो कशाला लागेल? मावशी ऐकेनात. "माझी थोरली बहीण वार न पडून गेली. बाळ झालं म्हणून सगळे पेढे वाटत होते." मी एवढी वर्षं शेजारी राहते, हे मला ठाऊक नव्हतं.

शब्द परत घातला. वाक्यही करून दिलं. वार पडली का, म्हणजे शब्दशः बाहेर आली का : "हाशिल्या यात्सआ?" यात्सा म्हटल्याबरोबर मावशींना मोत्सा आठवला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पहाटे पाच वाजता दारावर थाप. मावशी पातळाचा पदर डोक्यावरून घेऊन, हातात फोन. अश्दोदला तेव्हा रात्रीचा दीड. नातजावयाचा निरोप, लिहिलेला, टिंबं-रेघा नसलेल्या अक्षरांत. तीन शब्द.

टिंबं नसली की मावशी अडखळतात. दिव्याखाली धरला. पहिला शब्द ही. दुसरा आणि तिसरा अक्षरशः सारखे, योद-लामेद-दालेत-हे.

"दोनदा का लिहिलंय?" मी विचारलं. मला वाटलं चुकून झालं असेल.

मावशींनी एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने, आणि दुसऱ्या शब्दावर आवाज वेगळा ठेवून. "ही यालदा यालदा." ही म्हणजे ती. यालदा, प्रसवली. यालदा, मुलगी. तिला मुलगी झाली. मी शिकवताना क्रियापदाचं हे रूप छाटून टाकलं होतं. त्यांनी ते मुळावरून ओळखलं.

फोन लावला. पडद्यावर इस्पितळाचा पांढरा उजेड, नातजावई, त्याचे लाल डोळे. तो मझल तोव, मझल तोव म्हणत होता. मावशींनी मझल तोव म्हटलं नाही. चष्मा सरळ केला आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा स्वच्छ आवाजात विचारलं, "हाशिल्या यात्सआ?"

तो क्षणभर गप्प. मग मागे वळून त्याने कुणाला तरी विचारलं. एक निळ्या कपड्यांतली बाई पडद्यात डोकावली, मेयालेदेत असणार. मावशींकडे नीट बघून तिने मान हलवली. "केन, सावता. यात्सआ. हाकोल बेसेदेर." हो आजी, पडली, सगळं ठीक आहे.

तेव्हा मावशी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मझल तोव."

चहा टाकला. त्यांनी वही मागून घेतली आणि एक्केचाळिसावा शब्द स्वतःच्या हाताने लिहिला. कुठून आणला विचारलं तर म्हणाल्या, महिनाभर लपवून ठेवला होता, बेशाआ तोवा म्हणत. हिब्रू रकान्यात नून-योद-नून-हे. मधल्या रकान्यात "नीना". मराठी रकान्यात "पणती".